तीन नंबरच्या टाकीबाहेरच्या चपला

रविवार, ४ जून

पोहोचलो एकदाचा! डोंगरातल्या आमच्या गावापासून खोर अल-मिल्हपर्यंत गाडी हाकताना वाटभर शीळ घालत होतो. आईने बरोबर दिलेले खजूर अर्धे वाटेतच फस्त केले. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने मोबाइल काढून घेतला. आत फोटो काढायला बंदी आहे म्हणे, सुटीच्या वेळी परत मिळतो. मी तो हसत हसत दिला, तेव्हा तोच बिचारा चक्रावला.

फोरमन अबू खमीस स्वतः घ्यायला आला. साठीचा माणूस, पांढरी दाढी, आवाज बंदरावर मासळी विकणाऱ्याचा. "ये रे इंजिनियरा! डोंगरातल्या माणसाला समुद्राचं पाणी चालेल ना? का तुम्हाला तुमच्या पाटाचंच लागतं?" मी म्हटलं, तुम्ही आधी मीठ तर काढा, मग पिऊन सांगतो. यावर पाठीत अशी थाप मारली की खोकलाच आला. मग हलवा आणि कॉफी. मी पेला हलवून पुरे म्हणेपर्यंत ओततच राहिला. मला तो आवडला, हे लिहून ठेवतो.

मॅनेजर हिलाल मात्र इस्त्रीतला माणूस. बोलताना समोरच्याच्या टोपीकडे बघतो, डोळ्यांत नाही. तिसरा नबहान, यंत्रं चालवतो, बडबड्या.

कारखाना पाहून घेतला. समुद्राच्या काठी आठ मोठ्या टाक्या ओळीने आडव्या पडल्या आहेत, आणि प्रत्येकीच्या पोटात नळ्यांचं जंगल. पहिलीच्या नळ्यांतून गरम वाफ जाते, वरून समुद्राचं पाणी शिंपडलं जातं. त्या पाण्याची वाफ होते, मीठ खाली उरतं. ती वाफ दुसरीच्या नळ्यांत जाऊन तिथलं पाणी उकळते, दुसरीची तिसरीत, असं आठवीपर्यंत. आग एकदाच पेटवायची आणि आठ वेळा राबवायची. माझं काम याच्या शेपटाला. खारं गरम पाणी समुद्रात फेकून देतात, त्याची ऊब आत येणाऱ्या गार पाण्याला देणारं नवं हीट एक्स्चेंजर बसवायचं. दोन पाण्यांमध्ये पातळ पत्रा. पाणी पाण्याला शिवत नाही, ऊब तेवढी पलीकडे जाते. इंधन वाचेल, हिलालला बढती मिळेल.

आता मी इतका खुशीत का, ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी तीन नंबरच्या टाकीत माझा भाऊ मुहन्ना मेला. आमची आई एक, बाप वेगळे, म्हणून माझ्या नावावरून इथे कुणाला काही कळत नाही. त्याला ज्याने मारलं तो याच माणसांत आहे. त्याला मी शोधणार आणि त्याच टाकीत घालून झाकण लावणार. आई म्हणते, सोड रे, देवावर सोड. मी सोडणाऱ्यातला नाही.

मंगळवार, ६ जून

इथली एक रीत आहे. नळ्यांवर साठलेला क्षार घासायला माणसं टाकीत उतरतात, तेव्हा चपला बाहेर दाराशी काढतात, मशिदीबाहेर काढाव्यात तशा. आतल्या नळ्या नाजूक, चपलेच्या खिळ्याने चरा पडला तर पाण्यात मीठ उतरतं. दाराशी चपला दिसल्या की आत माणूस आहे, चपला नाहीत म्हणजे टाकी रिकामी. नियमाने कुलूप आणि नावाची पाटीही लावायची असते, पण ते साहेब लोक तपासणीला आले की. खरा भरवसा चपलांवर.

त्या शुक्रवारी मुहन्ना आत होता. बाकीचे नमाजाला गेले. नमाजानंतर हिलाल आला, दाराशी चपला दिसल्या नाहीत, त्याने झाकण आवळलं, हवा ओढून घेतली आणि वाफ सोडली. पंपांच्या आवाजात आतला टाहो कुणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा तो अनवाणी सापडला. हिलालने वर कळवून टाकलं की कामगार अनवाणीच आला असावा, चूक त्याचीच.

जूनच्या दुपारी! टाक्यांपुढच्या त्या लोखंडी जाळीवर! आज मी मुद्दाम तळवा टेकवून पाहिला आणि माकडासारखा उडालो. अनवाणी म्हणे. चपला होत्या, आणि त्या कुणीतरी नेल्या. नेणाऱ्याला ठाऊक आहे. आणि तो दोन वर्षं मूग गिळून बसला आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती आईला मी कधी सांगितली नाही. त्या रात्रभर तीन नंबरची वाफ चार नंबरमध्ये जात होती, तिथे तिचं पाणी होत होतं आणि ते पाणी गावाच्या नळांना जात होतं. अख्खं गाव माझा भाऊ प्यायलं. चहा केला, भात शिजवला, लेकरांना आंघोळी घातल्या. या गावाची मला जराही दया येत नाही.

शुक्रवार, ९ जून

दुपारच्या नमाजाला सगळे आवारातल्या मशिदीत गेले. पाळीवर मी एकटाच राहिलो, मागून घेतली होती ती पाळी. टाक्यांच्या ओळीतून फिरत होतो. तीन नंबरपाशी आलो तर आतून घासल्याचा आवाज. ब्रश नळीवर ओढावा तसा, न थांबता. टाकी चालू होती. आत वाफ आणि निर्वात पोकळी, माणूस काय, माशी जगणार नाही.

हात लावून पाहिला. आवाज माझ्या तळव्याखाली आला.

घाबरलो का? नाही. रडलो. म्हटलं, मुहन्ना, मी आलोय रे.

लोक नमाजाहून परतले तशी घासण्याची खरखर थांबली. त्यानंतर घटकाभर तीन नंबरचं पाणी खारट येत होतं. नबहान म्हणाला, हे दर शुक्रवारचंच आहे, नळी फुटली असेल. पण आधी दोनदा टाकी उघडून तपासली होती म्हणे, एकही नळी फुटलेली नव्हती.

मंगळवार, १३ जून

आईशी बोललो. मी कधी काही बोललो नाही, तरी ती दोन वर्षं नळाचं पाणी पीत नाही, विहिरीचं आणते. घासण्याच्या आवाजाचं तिला सांगून टाकलं, राहवलं नाही. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, तो तिच्या स्वप्नात येतो. चेहरा नसतो. वाफेत गेलेल्याला डोळे कुठले उरणार? वाकून वाकून लोकांचे पाय चाचपत असतो. "याकूब, घरी ये. तो तुला ओळखायचा नाही. त्याला आता फक्त पाय कळतात."

म्हातारीचं काहीतरीच. भाऊ भावाला ओळखत नाही होय!

शुक्रवार, १६ जून

आज मजा झाली. हो, मजाच.

इथली आणखी एक सवय अशी की वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, जाताना समोर ज्या चपला दिसतील त्या पायांत सरकवायच्या. कुणाच्या का असेनात, दोन मिनिटांचा तर प्रश्न. नबहानने आज कुणाच्या तरी सरकवल्या आणि नळापर्यंत पोहोचायच्या आत असा किंचाळला की इमाम बाहेर धावला. तळव्यांना फोड आलेले, उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखे. चपला सावलीतल्या, गारच होत्या. मी हात लावून पाहिला.

सगळ्यांची नजर त्याच्या पायांवर, माझी जमिनीवर. तीन नंबरकडून मशिदीपर्यंत अनवाणी पावलांचे ओले ठसे आले होते. उन्हात वाळून पांढरे झालेले, बोट लावून चाटलं तर मीठ. प्रत्येक जोडापाशी ते ठसे थांबले होते, पुढे गेले होते, पुन्हा थांबले होते.

तो शोधतोय. माझ्याच कामाला लागलाय. दोघं भाऊ मिळून शोधू. रात्री पोटभर जेवलो.

शुक्रवार, २३ जून

आठवडाभर लोक चपला पिशवीत घालून मशिदीत नेताहेत, काखेत धरून नमाज पढताहेत. हिलालच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "शिकलेसवरलेले तुम्ही, आणि चपलांना घाबरता? आणा कुणाच्याही!" आणि नबहानच्या पिशवीतल्या घेऊन घातल्या. मशिदीच्या अंगणात ऐटीत फेरी मारायला निघाला. अर्ध्यातच कोसळला. चपला काढल्या तेव्हा कातड्याबरोबर कातडी आली.

मी गर्दीत मागे उभा होतो. मला हसू दाबता येईना. अनवाणी आला असेल म्हणाला होतास ना? घे!

हिलाल दवाखान्यातून पट्ट्या बांधून, काठी टेकत परत आला. सुटी घेतली नाही, खुर्ची जाईल ना. पण तो माझा माणूस नव्हे, हे आज कळलं. भावाने त्याला भाजलं आणि सोडून दिलं. ठसे त्याच्यापाशी थांबले आणि पुढे गेले. गेले ते अबू खमीसपाशी. त्याच्याभोवती फिरले, पुन्हा फिरले. पाय सापडत नसल्यासारखे.

अबू खमीस चपला घालतच नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, चांगले काळे, याही उन्हात. नबहान त्याला नेहमी चिडवतो, "अबू खमीस, स्वर्गात पण बूट घालूनच जाणार का?" मीही हसत आलो होतो.

सोमवार, २६ जून

अबू खमीसने जेवायला बोलावलं. भाजलेला मासा, भात, लिंबू. मुलगी माहेरी आलेली, नातवंडं माझ्या अंगावर चढत होती. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, बूट कधीपासून हो? म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. मुलांना बाहेर पाठवलं आणि सांगितलं. मी कोण हे त्याला ठाऊक नाही. म्हणाला, कुणाला तरी सांगायचंच होतं, तू परका आहेस म्हणून सोपं जातं.

त्या शुक्रवारी त्याच्या चपलेचा पट्टा तुटला. तीन नंबरच्या दाराशी एक जोड होता. वजू करून येऊ म्हणून पायांत सरकवला. नमाज झाला. फाटकाशी मुलगी गाडी घेऊन उभी होती, दूरवरून आलेली. तसाच बसला आणि घरी गेला. दारात चपला काढताना कळलं की आपल्या नाहीत. मुहन्नाच्या.

"मासा गरम होता रे. ती म्हणाली, बाबा, आधी जेवा. म्हटलं, जेवून देतो जाऊन."

जेवून.

परत आला तेव्हा झाकण आवळलेलं होतं, वाफ चालू होती. तरी वाटलं, निघाला असेल तो बाहेर, गेला असेल घरी. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर त्याने चपला समुद्रात फेकल्या. आणि हिलालने कळवलं ते ऐकून घेतलं. "चपला नेल्या ती चूक होती, पोरा. गप्प बसलो ती चूक नव्हती, पाप होतं." ढसाढसा रडला. माझा हात धरून रडला.

मी हात सोडवला नाही. तोंडात मासा होता तो गिळला. आवडता मासा आहे माझा. याच चवीसाठी माझा भाऊ शिजला.

बुधवार, २८ जून

झोप नाही. म्हातारा डोळ्यांपुढून हलत नाही, नातवंडंही. मग मुहन्ना येतो. लहानपणी मी पाटात पडलो तेव्हा उडी मारून त्यानेच काढलं होतं मला. नंतर चार दिवस चिडवत होता, बेडूक म्हणायचा.

सकाळी चहा खारट. टपरीवाल्याला शिव्या घातल्या, तो म्हणाला सगळे गोडच म्हणताहेत. खोलीतल्या नळाचं पाणी खारट. भिंतीतल्या नळीतून घासल्याचा आवाज येतो आहे. माझ्या खोलीत का? मी शोधून दिलाय ना तुला माणूस? आता माझ्याकडे काय आहे?

तीन नंबर बंद करून उघडायचा हुकूम मीच काढला. कारण दिलं, पाण्यात मीठ येतंय, नळ्या तपासायच्या. परवा शुक्रवार.

गुरुवार, २९ जून

टाकी थंड झाली. दार उघडलं. आतून गरम श्वास आला. नळ्या स्वच्छ, घासून चकचकीत. बंद टाकीत कुणी घासल्या, हे कुणी विचारलं नाही. नबहान तर जवळच फिरकला नाही.

आईचा फोन आला होता, फाटकावर निरोप होता. मी परत केला नाही. ती सोड म्हणेल.

सोडू? आज म्हातारा मला डब्यातून खजुराची पोळी घेऊन आला. मुलीने केली म्हणे, डोंगरातल्या पाहुण्यासाठी. मी खाल्ली. खारट लागली.

शुक्रवार, ३० जून. दुपार

अबू खमीसला आत पाठवलं. म्हटलं, नमाजाआधी शेवटची ओळ तेवढी बघून घ्या. खरं तर मी दुसऱ्या कुणालाही पाठवू शकलो असतो.

दाराशी बूट काढले. तळवे पांढरेफटक, लहान मुलाचे असावेत तसे. दोन वर्षं ऊन न पाहिलेले. आत वाकता वाकता म्हणाला, "तू दाराशी आहेस ना? मग काय काळजी!"

सगळे नमाजाला गेले.

मी बूट उचलले. घातले नाहीत. हातात धरून टाक्यांसमोरच्या माझ्या वरच्या खोलीत आणले. टेबलाखाली आहेत. कुलूप नाही, पाटी नाही. टाकी नमाजानंतर चालू करायची आहे, हिलाल येईल, जोडा दिसणार नाही, झाकण आवळेल. मी काहीच करायचं नाही. हिलालच्याच हाताने, तस्संच. मुहन्ना, बघ. बघ काय आणलंय तुझ्यासाठी.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

आनंद व्हायला हवा होता. होत नाही. ते पांढरे तळवे दिसताहेत.

नातवंडांनी मला काका म्हटलं होतं—

परत ठेवून येतो. झालं तेवढं पुरे. भीती दाखवली, पुरे. नमाज अजून संपायचा आहे. एवढं लिहिलं की उठतोच.

दाराखालून पाणी येतंय.

पाणी नाही. ठसे. एकेक उमटताहेत, दारापासून इकडे. ओले, वाळताहेत, पांढरे होताहेत. वर कुणी नाही. वर काहीच नाही—

मुहन्ना, तो टाकीत आहे. तिकडे जा. तुला हवा होता तो तिकडे आहे, मी—

टेबलापाशी थांबले. बुटांपाशी.

बूट चाचपतो आहे. दिसत नाही, पण बूट हलताहेत. आता माझ्या पायांपाशी—

मी घातले नाहीत रे! नुसते उचलले! मी याकूब. बेडूक म्हणायचास तो. पाटातून काढलास तो—

पाय. आई गं, पाय

उठता येत नाही. तळव्यांची साल फरशीला— उभा राहिलो आणि पडलो. खुर्चीवर कसाबसा. टेबलावरचा कारखान्याचा फोन उचलला. नुसतं घासल्याचा आवाज. ओरडलो, आवाज फुटत नाही, तोंडातून वाफ येते. हात चालतो आहे. हातच तेवढा चालतो आहे.

नमाज संपला. खिडकीतून दिसताहेत. काखेत पिशव्या. हसताहेत.

काठी. जाळीवर काठी वाजते आहे. हिलाल तीन नंबरकडे चालला. एकटाच.

दाराशी बघतोय. खाली बघतोय. काही नाही म्हणून मान हलवली.

बूट खिडकीवर फेकले. काच फुटली नाही. फुटतच नाही. बूट परत माझ्या मांडीवर—

पाना वाजला. पहिला बोल्ट.

अबू खमीस ओरडत असेल. पंपांच्या आवाजात कुणाला—

हिलाल, इकडे बघ. वर बघ, खिडकीत. अरे रिकामी नाही ती टाकी. आवळू नकोस, मी नेलेत, मी नेलेत बूट, आत माणूस आहे, हिलाल, आत माणूस आ—